बारा जणांचं एकमत, पण कशावर?

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलेला विषय होता 'संघटित गुन्हेगारीचे कायदे'. हा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच मोक्क्यावर येते, आणि मोक्का म्हटलं की आपल्या वस्त्यांमधल्या लोकांना ओळखीची नावं आठवू लागतात. मी आज जरा लांबून सुरुवात करणार आहे. अमेरिकेतून. कारण मोक्क्यासारख्या कायद्यांचा थोरला भाऊ तिथे आहे, आणि त्या कायद्याखाली खटला चालवताना एक प्रश्न तिथल्या न्यायालयांना वर्षानुवर्षं छळतो आहे. प्रश्न असा: एखाद्या माणसाने 'बरेच गुन्हे केले' यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण नेमके कोणते गुन्हे केले यावर नाही. तर त्याला दोषी म्हणायचं का?

तुम्हाला वाटेल, हा वकिलांचा खेळ आहे. तसा तो नाही. एक उदाहरण घेऊ.

समजा, एका गावातल्या जमातीच्या खजिनदारावर आरोप झाला की त्याने पैसे खाल्ले. हिशेबात चार नोंदी संशयास्पद आहेत. मशिदीच्या रंगकामाची, कब्रस्तानच्या कुंपणाची, रमजानमधल्या इफ्तारीची आणि मुलांच्या शिष्यवृत्तीची. नियम असा की किमान दोन नोंदींत अफरातफर सिद्ध झाली तर खजिनदाराला काढायचं आणि पैसे वसूल करायचे. सभेला बारा जण बसले. सहा जणांना खात्री आहे की रंगकाम आणि कुंपणाचे पैसे खाल्ले, पण इफ्तारी आणि शिष्यवृत्तीचा हिशेब त्यांना चोख वाटतो. उरलेल्या सहा जणांचं बरोबर उलट. त्यांनी रंगारी पाहिलाय, कुंपण पाहिलंय. त्यांचा संशय इफ्तारी आणि शिष्यवृत्तीवर आहे. आता अध्यक्षांनी विचारलं, 'किमान दोन नोंदींत घोळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.' बाराच्या बारा हात वर. एकमताने दोषी!

पण जरा थांबून पाहा. रंगकामाबद्दल अर्धी सभा त्याला निर्दोष मानते. कुंपणाबद्दल अर्धी सभा. इफ्तारीबद्दल अर्धी, शिष्यवृत्तीबद्दलही अर्धी. एकाही नोंदीवर सभा त्याला दोषी ठरवू शकत नाही. आणि तरी चार अर्धवट संशयांची बेरीज करून त्याच्यावर एक अख्खा ठपका बसला. हाच तो प्रश्न. आता खजिनदाराच्या जागी वीस वर्षं किंवा जन्मठेपेच्या शिक्षेला सामोरा जाणारा आरोपी ठेवा.

अमेरिकेतला कायदा १९७० सालचा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १५ ऑक्टोबर १९७० रोजी त्यावर सही केली. नाव लांबलचक आहे, रॅकेटिअर इन्फ्लुएन्स्ड अँड करप्ट ऑर्गनायझेशन्स ॲक्ट. सगळे त्याला 'रिको' म्हणतात. अडचण अशी होती की माफियाचा म्होरक्या स्वतः कधी गोळी झाडत नाही, खंडणी मागायला दुकानात जात नाही. एकेका गुन्ह्याचा खटला भरला की प्यादी आत जातात, वजीर बाहेर. म्हणून रिकोने एकेका गुन्ह्याऐवजी सगळी टोळी आणि तिचा धंदाच खटल्याचा विषय केला. एखादी 'एंटरप्राइज' म्हणजे टोळी किंवा संस्था असली पाहिजे, आणि आरोपीने तिचा कारभार गुन्ह्यांच्या साखळीतून चालवलेला असला पाहिजे. साखळीसाठी दहा वर्षांच्या आत किमान दोन गुन्हे लागतात. कोणते गुन्हे, त्याची मोठी यादी कायद्यात आहे. खून, अपहरण, जाळपोळ, लाच, खंडणी, अमली पदार्थ, टपाल किंवा तारेवरून केलेली फसवणूक, असं बरंच काही. नुसते दोन गुन्हे मोजून भागत नाही. त्यांचा एकमेकांशी संबंध हवा आणि सातत्य हवं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितलं.

न्यूयॉर्कच्या माफिया घराण्यांच्या म्होरक्यांना १९८६ मध्ये याच कायद्याखाली दोषी ठरवलं गेलं. तेव्हाचे सरकारी वकील रुडी जुलियानी त्यावर देशभर गाजले. गंमत अशी की त्याच जुलियानींवर २०२३ मध्ये जॉर्जिया राज्याच्या रिको कायद्याखाली आरोप ठेवले गेले. पुढे तो खटला काढून टाकण्यात आला, पण हत्यार घडवणाऱ्याकडेच हत्याराचं तोंड कधी वळेल याचा नेम नसतो.

आता तिथे निकाल देतात ते न्यायाधीश नाहीत, ज्युरी. बारा सामान्य माणसं. संघीय न्यायालयांत ज्युरीचा निकाल एकमतानेच लागतो. अकरा विरुद्ध एक झालं तरी शिक्षा नाही. पण ज्युरी कारणं लिहीत नाही. 'दोषी' किंवा 'दोषी नाही', एवढंच म्हणते. त्यामुळे बाहेरच्याला कळायला मार्गच नसतो की त्या बंद खोलीत बारा जण एकाच गोष्टीवर सहमत झाले, की आपल्या जमातीच्या सभेसारखे सहा-सहा जण वेगवेगळ्या गोष्टींवर हात वर करून बसले.

प्रत्येक तपशिलावर एकमत लागतं असं मात्र नाही. समजा लूट झाली. काही ज्युरर म्हणतात आरोपीने कोयता दाखवला, काही म्हणतात पिस्तूल दाखवलं. धाक दाखवून लुटलं यावर सगळे सहमत असतील तर कोयता की पिस्तूल हा मतभेद चालतो. ते गुन्ह्याचं साधन झालं. पण काही म्हणतात सोमवारी एकाला मारलं आणि काही म्हणतात बुधवारी दुसऱ्यालाच मारलं, तर तो एक गुन्हा राहत नाही, दोन होतात. आणि त्यांतल्या एकावरही एकमत झालेलं नसतं. ॲरिझोनाच्या शाड खटल्यात १९९१ मध्ये न्यायमूर्ती स्कालिया यांनी जवळपास असाच दाखला देऊन ही रेघ दाखवली होती. साधन कुठे संपतं आणि गुन्ह्याचा घटक कुठे सुरू होतो, हे ठरवणं अवघड जातं. टोळीच्या खटल्यांत तर विशेषच. सरकार म्हणणार, 'आमचा गुन्हा एकच, साखळी. साखळीच्या कड्या कोणत्या, हे साधन.' आणि आरोपी म्हणणार, 'कड्याच नसतील तर साखळी कसली?'

यावरचा महत्त्वाचा निकाल १९९९ सालचा, रिचर्डसन विरुद्ध युनायटेड स्टेट्स. खटला रिकोचा नव्हता, त्याच घराण्यातल्या दुसऱ्या कायद्याचा होता. अमली पदार्थांचा धंदा संघटितपणे चालवणाऱ्या म्होरक्यांसाठी तो केलेला आहे, आणि त्यात किमान वीस वर्षांची शिक्षा आहे. त्यासाठी गुन्ह्यांची 'मालिका' सिद्ध व्हावी लागते. शिकागोतल्या एका टोळीच्या म्होरक्यावर हा खटला होता. त्याच्या वकिलांनी मागणी केली की मालिकेतले गुन्हे कोणते, यावर ज्युरीचं एकमत हवं, असं न्यायाधीशांनी ज्युरीला सांगावं. न्यायाधीशांनी नकार दिला. मालिका होती यावर एकमत पुरे, कुठल्या गुन्ह्यांची यावर नको, असं ते म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाने १ जून १९९९ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी हे चूक ठरवलं. मालिकेतल्या प्रत्येक गुन्ह्यावर ज्युरीने स्वतंत्रपणे एकमत केलं पाहिजे.

निकाल लिहिला न्यायमूर्ती ब्रेयर यांनी. त्यांचा एक मुद्दा मला फार पटतो. टोळीच्या खटल्यात साक्षीदारांची रांग असते. एक म्हणतो मी त्याच्याकडून माल घेतला, दुसरा म्हणतो तो वस्तीत दादा होता, तिसरा म्हणतो सगळे त्याला घाबरायचे. एकेक साक्ष तपासायला गेलं तर प्रत्येक लंगडी असू शकते. पण तपशिलात शिरायचं बंधनच नसेल तर ज्युरी म्हणेल, एवढा धूर निघतोय म्हणजे कुठेतरी आग असणारच. ही धूर आणि आगीची उपमा आपल्याकडे तर रोजच्या बोलण्यात आहे. 'उगाच कोण नाव घेईल?' मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराला उचललं की पहिलं वाक्य हेच येतं, आणि ते फक्त बाहेरचे लोक बोलतात असं नाही.

सरकारी पक्षाचं म्हणणं असं होतं की एवढं काटेकोर एकमत मागितलं तर मोठे मासे सुटतील; जो माणूस शेकडो व्यवहार करतो त्याच्या एकेका व्यवहाराची तारीख कुठून आणायची? तीन न्यायमूर्तींना हे पटलं, आणि तो मुद्दा फालतू नाही. पण बहुमताने म्हटलं की जो खरोखर म्होरक्या आहे त्याच्या शेकडो व्यवहारांपैकी मोजके दोन-तीन नीट सिद्ध करणं सरकारला अशक्य नाही. मला वाटतं हे उत्तर पुरेसं आहे. शंभर गुन्ह्यांचा आरोप करायचा आणि त्यातले दोनही बारा माणसांना पटवता येऊ नयेत, तर शंभर हा आकडा कशाच्या जोरावर टाकला?

रिकोच्या मूळ आरोपात न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने, म्हणजे सेकंड सर्किटने, हाच नियम स्पष्ट केला. किमान दोन नेमक्या गुन्ह्यांवर ज्युरीचं एकमत हवं. म्हणून अशा खटल्यांत ज्युरीला बऱ्याचदा एक तक्ता देतात. पहिलं कृत्य, सिद्ध की असिद्ध. दुसरं कृत्य, सिद्ध की असिद्ध. गायक आर. केली याच्या २०२१ च्या खटल्यात अशी चौदा कृत्यं होती. ज्युरीने बारा सिद्ध धरली, दोन धरली नाहीत. म्हणजे ती बारा माणसं सरसकट 'वाईट माणूस आहे' म्हणून मोकळी झाली नाहीत, एकेक ओळ पाहत गेली.

पण इथेच एक मोठी फट आहे, आणि सरकारी वकिलांना ती पाठ असते. रिकोत दोन प्रकारचे आरोप ठेवता येतात. एक म्हणजे टोळीचा कारभार प्रत्यक्ष गुन्ह्यांतून चालवला. दुसरा म्हणजे तसं करण्याचा कट केला. कटाच्या आरोपात गुन्हा प्रत्यक्ष घडलाच पाहिजे असं नाही, कारण गुन्हा आहे तो सहमतीचा. १९९७ च्या सॅलिनास खटल्यात, जो टेक्ससमधल्या एका तुरुंगातल्या लाचखोरीचा होता, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कटातल्या माणसाने स्वतः दोन गुन्हे केले किंवा करायचं कबूल केलं हे दाखवण्याची गरज नाही. मग एकमत कशावर? सेकंड सर्किटने २०११ मध्ये उत्तर दिलं की कटाच्या आरोपात नेमक्या कृत्यांवर एकमत नको, गुन्ह्यांच्या प्रकारांवर पुरे. म्हणजे 'टोळीतले लोक अमली पदार्थांचे आणि खंडणीचे गुन्हे करतील असं ठरलं होतं' एवढ्यावर बारा जण सहमत झाले की झालं. कोणती खंडणी, कुणाकडून, कधी, यावर नाही.

आपल्या जमातीच्या उदाहरणात हे बसवून पाहा. 'खजिनदार आणि त्याच्या मित्रांनी पैसे खायचं ठरवलं होतं' यावर एकमत पुरे. कोणत्या नोंदीतले, हे विचारायचं नाही. तर्क म्हणून हे चुकीचं नाही. कट हा गुन्हा वेगळाच असतो. पण वरच्या दाराला कुलूप लावून मागचं दार उघडं ठेवल्यासारखं मला ते वाटतं. बरेच रिको खटले आज कटाच्या कलमाखाली चालतात, यात आश्चर्य नाही.

तरी एकमताची अट दुबळी होत नाही. २०२५ मध्ये शॉन कोम्ब्स, म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण ज्याला डिडी म्हणून ओळखतात, त्याच्यावरचा पहिला आरोप रिकोच्या कटाचाच होता. १ जुलैला ज्युरीने कळवलं की पाचपैकी चार आरोपांवर निर्णय झाला, पहिल्यावर होत नाही. दोन्ही बाजूंची माणसं आपल्या मतावरून हलायला तयार नाहीत. न्यायाधीश अरुण सुब्रमण्यन यांनी त्यांना पुन्हा चर्चेला बसवलं. दुसऱ्या दिवशी निकाल आला, रिको कटातून निर्दोष. वेश्याव्यवसायासाठी व्यक्तींची ने-आण करण्याच्या दोन आरोपांत मात्र दोषी. त्याबद्दल त्याला चार वर्षं दोन महिन्यांची शिक्षा झाली. निकाल आवडला की नाही हा भाग वेगळा. पण सरकारची सगळ्यात मोठी तोफ बारा माणसांच्या एकमतापुढे थंड पडली.

आता आपल्याला अधिक जवळचा वाटेल असा खटला. सामी अल-अरियान. फ्लोरिडातल्या विद्यापीठात संगणक शिकवणारे पॅलेस्टिनी प्राध्यापक. त्यांना २००३ मध्ये अटक झाली. पॅलेस्टिनी इस्लामिक जिहाद या संघटनेसाठी काम करतात असा आरोप, आणि आरोपांत रिकोचा कटही होता. खटला २००५ मध्ये सुमारे सहा महिने चालला. वर्षानुवर्षं चोरून ऐकलेले दूरध्वनी, ढीगभर साक्षी. बचाव पक्षाने एकही साक्षीदार उभा केला नाही. हवा कशी होती ते सांगायला नको, ११ सप्टेंबरला चार वर्षं झाली होती. डिसेंबरमध्ये ज्युरीने सतरापैकी आठ आरोपांतून त्यांना निर्दोष ठरवलं. नऊ आरोपांवर एकमत झालं नाही. एकाही आरोपावर 'दोषी' नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. एकमत न होणं म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे. ज्युरी अडली की सरकार पुन्हा खटला भरू शकतं. अल-अरियान तुरुंगातच राहिले, आणि २००६ मध्ये त्यांनी सरकारशी तडजोड करून एक आरोप कबूल केला. ५७ महिन्यांची शिक्षा झाली. त्यानंतरही प्रकरणं चालू राहिली आणि २०१५ मध्ये त्यांना तुर्कस्तानात पाठवण्यात आलं. ज्या माणसाला ज्युरीने दोषी म्हटलं नाही त्याची आयुष्याची बारा वर्षं अशी गेली. म्हणून मी एकमताला जादूची कांडी म्हणत नाही. पण २००५ च्या त्या हवेत, त्या दोन-चार शब्दांच्या अटीने सहज हाती लागणारी शिक्षा अडवली, हेही खरं.

एकमताची अट नको कुणाला असते? याचा इतिहास बोलका आहे. लुइझियाना राज्याने १८९८ मध्ये नवी राज्यघटना केली. गोऱ्यांचं वर्चस्व पक्कं करणं हा त्या सभेचा उघड हेतू होता. काळ्या नागरिकांना ज्युरीतून सरसकट बाहेर ठेवणं कायद्याने शक्य नव्हतं. मग त्यांनी बारापैकी नऊ मतांवर शिक्षा देण्याची सोय केली. ज्युरीत एक-दोन-तीन काळे आले तरी बसू द्या, त्यांच्या मताला किंमतच उरणार नाही. पुढे नऊचे दहा झाले. ऑरेगन राज्याने १९३४ मध्ये हेच केलं; तिथे एका ज्यू आरोपीच्या खटल्यात एका ज्युररने अडून धरल्यावर वर्तमानपत्रांनी रान उठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२० रोजी रामोस खटल्यात हे दोन्ही नियम घटनाबाह्य ठरवले. रामोसला दहा विरुद्ध दोन मतांनी जन्मठेप झाली होती. त्याचा खटला पुन्हा चालला आणि २०२३ मध्ये बाराही जणांनी त्याला निर्दोष ठरवलं. ते पहिले दोघे, ज्यांचं कुणी ऐकलं नाही, त्यांचं मत काय असेल याचा विचार करा.

आपल्याकडे असं घडलं नाही? १९०८ साल, मुंबई उच्च न्यायालय, लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला. ज्युरी नऊ जणांची, सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले. त्या दालनाबाहेर टिळकांचे शब्द आज संगमरवरात कोरलेले आहेत, पण त्या दोन ज्युररांची आठवण कोणी काढत नाही. एकमताची अट असती तर तो निकाल लागलाच नसता. इंग्रजांनी स्वतःच्या देशात तेव्हा एकमताचा नियम पाळला आणि इथे बहुमतावर भागवलं, ते उगाच नव्हे.

पुढे १९५९ मध्ये नानावटी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी 'दोषी नाही' असा निकाल आला. न्यायाधीशांनी तो न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि नानावटींना जन्मठेप झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. पारशी विवाह न्यायालयांत तिचा थोडा अंश अजून दिसतो, बाकी ज्युरी आपल्याकडून गेली. ती परत यावी असं मी म्हणत नाही. आपली वर्तमानपत्रं आणि वाहिन्या पाहता ज्युरी नाही हेच बरं, असं बऱ्याचदा वाटतं.

पण मग एकमताचा प्रश्न आपल्याकडे संपला का? तो वेगळ्या कपड्यांत आला.

मोक्का २४ फेब्रुवारी १९९९ पासून लागू झाला. म्हणजे रिचर्डसनचा निकाल आणि आपला कायदा एकाच वर्षातले. मोक्क्यातही साखळी आहे, 'सतत चालू असलेलं बेकायदेशीर कृत्य'. त्यासाठी मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं दाखल झालेली हवीत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी. शब्द लक्षात घ्या, आरोपपत्रं. शिक्षा नव्हे. त्या जुन्या खटल्यांत गुन्हा सिद्ध झालेला असला पाहिजे, असं कलम म्हणत नाही. कोल्हापूरच्या मटक्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की ही आरोपपत्रं टोळीविरुद्ध असली की पुरे, प्रत्येक आरोपीविरुद्ध वेगवेगळी असण्याची गरज नाही. आता हीच व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्येही आली आहे. १ जुलै २०२४ पासून ती देशभर लागू आहे.

अमेरिकेत वाद असा की साखळीची प्रत्येक कडी बारा जणांना एकमताने पटली पाहिजे का. आपल्याकडे जुन्या कड्या पटवायच्याच नाहीत, पोलिसांनी त्यांची कागदपत्रं न्यायालयात दिलेली असली की झालं. नवा गुन्हा मात्र संशयापलीकडे सिद्ध करावाच लागतो, हे विसरू नका; नुसत्या जुन्या आरोपपत्रांवर शिक्षा होत नाही. पण मोक्का एकदा लागला की जामीन जवळपास बंद होतो आणि पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. शिक्षा होवो न होवो, वर्षं जातात.

न्यायाधीशांत मतभेद झाला तर? दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही तर प्रकरण तिसऱ्याकडे जातं, तीन असतील तर बहुमत. देविंदर पाल सिंग भुल्लर यांच्या टाडा खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीनपैकी एका न्यायमूर्तींनी, एम. बी. शहा यांनी, त्यांना निर्दोष ठरवलं. बाकी दोघांनी फाशी कायम ठेवली. पुरावा मुख्यतः पोलिसांपुढचा कबुलीजबाब. फाशीची जन्मठेप झाली ती २०१४ मध्ये. लुइझियानातला दहा विरुद्ध दोनचा निकाल आपल्याला अन्याय्य वाटतो. मग देशातल्या सर्वोच्च न्यायमूर्तींपैकी एकाला वाटलेली शंका 'वाजवी शंका' का धरू नये, हा प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर विचारावा.

आपल्या पद्धतीची एक जमेची बाजू आहे आणि ती मी मोठी मानतो. आपला न्यायाधीश कारणं लिहितो. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल गाड्यांमधल्या स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. त्यांत सगळ्या धर्मांची, रोज कामावरून घरी जाणारी माणसं होती. त्या खटल्यात मोक्का लावला होता. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये तेरापैकी बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब, ओळखपरेड, जप्ती, एकेक कडी उचलून पाहिली आणि टिकली नाही. तोपर्यंत एक जण तुरुंगातच वारला होता. कारणं लिहिलेली होती म्हणून ती तपासता आली; ज्युरीच्या एका शब्दाला असं उलगडता आलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्यावर स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. आणि ज्यांची माणसं त्या गाड्यांत मेली, त्यांना एकोणीस वर्षांनी गुन्हेगार कोण याचं उत्तर मिळालेलं नाही. ढिसाळ साखळीची किंमत त्यांनीही मोजली.

तुमच्यात कायद्याचे विद्यार्थी आहेत, काही जण पत्रकारितेत आहेत. उद्या तुमच्या हातात मोक्क्याचं किंवा कलम १११ चं आरोपपत्र आलं तर आधी मागच्या गुन्ह्यांचा तक्ता काढा. बहुतेक आरोपपत्रांत तो असतो. त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर लिहा की त्या खटल्याचं पुढे काय झालं. शिक्षा, सुटका, की अजून पडून आहे. ज्याच्यावर आता मोक्का लावलाय, त्याचं नाव त्या ओळीत आहे की फक्त दुसऱ्या कुणाचं? जिल्हा न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटल्याच्या क्रमांकावरून बरीच माहिती मिळते, त्यासाठी वकिलाची सनद लागत नाही. शक्य असेल तर तिघं-चौघं मिळून, वेगवेगळे बसून तो तक्ता भरा आणि मग ताडून पाहा, तुम्ही सगळे त्याच त्याच ओळींवर थांबलात का.

वेळ झाली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ च्या मराठी प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, त्या घ्या. आता तुमचे प्रश्न.